भिंत उभी राहताना ऐकू आलेली ओरड

शब्बाथ शाळा व घरसभा यांसाठी पाठ

वाचावयाचा भाग : नहेम्या ५:१–१३. पाठ करावयाचे वचन : नहेम्या ५:९.

आठवड्याचे घरवाचन : सोमवार, निर्गम २२:२५–२७. मंगळवार, लेवीय २५:३५–४३. बुधवार, अनुवाद २४:१०–२२. गुरुवार, यशया ५८:६–१२. शुक्रवार, लूक १९:१–१०. शनिवार, याकोब ५:१–६. रविवार, २ करिंथ ८:९–१५.

नहेम्याचे पुस्तक वाचताना आपण बहुधा चौथ्या अध्यायावरून सहाव्यावर उडी मारितो. चौथ्यात शत्रू आहेत, आणि एका हाती हत्यार धरून दुसऱ्या हाताने काम करणारे शूर लोक आहेत. सहाव्यात बावन्न दिवसांत भिंत पुरी झाल्याचा आनंद आहे. मधला पाचवा अध्याय उपदेशात क्वचितच येतो, आणि त्याचे कारणही उघड आहे. त्या अध्यायातला शत्रू वेशीबाहेरचा नाही. तो भिंत बांधणाऱ्यांच्याच ओळीत उभा आहे. आजचा पाठ ह्याच अध्यायाचा आहे.

नहेम्या हा शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. ख्रिस्तापूर्वी सुमारे ४४५ व्या वर्षी तो राजाची परवानगी घेऊन यरुशलेमेस आला, तेव्हा नगराची भिंत पडलेली व वेशी जळालेल्या होत्या. मोठ्या आपत्तीनंतर मोडलेले पुन्हा उभारावयाचे हे त्याचे काम होते. आपणही तशाच काळातून चाललो आहो. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या साथीस जगव्यापी महामारी म्हटले, आणि ५ मे २०२३ रोजी त्या संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. कारखाने सुरू झाले, शाळा भरू लागल्या, लग्ने पूर्वीच्या थाटाने होऊ लागली. भिंत उभी राहिली खरी. परंतु ती उभी राहताना जी ओरड झाली ती आपण ऐकिली काय, हा आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

१. ओरड कोणाची होती (वचने १–५)

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ओरड करणारे लोक आळशी नव्हते. ते भिंतीवर काम करीत होते. दिवसभर दगड वाहून संध्याकाळी घरी गेल्यावर चुलीवर ठेवावयास काही नव्हते, म्हणून ते ओरडले. आणि शास्त्र मुद्दाम सांगते की त्यांच्या बायकाही ओरडल्या, कारण रिकामी हंडी त्यांस प्रथम दिसते.

त्यांचे तीन वर्ग होते. पहिल्या वर्गाजवळ जमीनच नव्हती. मुलेबाळे पुष्कळ, आणि धान्य विकत घेण्यास पैसा नाही. दुसऱ्या वर्गाने दुष्काळात पोट भरण्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकिली होती. तिसऱ्याने राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढिले होते. तिघांची वाट शेवटी एकाच ठिकाणी जात होती. पोटची मुले व मुली दुसऱ्याच्या घरी दास म्हणून द्यावी लागत होती. आणि धनको कोण? परदेशी सावकार नव्हे, तर एकाच बापाची लेकरे म्हणविणारे, एकाच मंदिरात देवाची भक्ती करणारे भाऊ.

दुष्काळ तर सर्वांवर आला होता. मग एक भाऊ शेत गमावितो व दुसरा तेच शेत मिळवितो, हे कसे घडते? ज्याच्या कोठारात अगोदरच धान्य आहे त्यास दुष्काळ म्हणजे स्वस्तात खरेदीचा हंगाम होतो. आपत्ती आली की विषमता आपोआप वाढते. ती कमी व्हावयाची असेल तर कोणी तरी उठून ती मुद्दाम कमी करावी लागते. हा ह्या अध्यायाचा गाभा आहे.

२. साथ सर्वांस सारखी नव्हती

हे सत्य समजण्यास आपणास यरुशलेमेपर्यंत जावे लागत नाही. पुण्याच्या उत्तरेस पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण हा जो कारखान्यांचा पट्टा आहे, तो आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरांस ठाऊक आहे. पिंपरीस १९५० नंतरच्या काही वर्षांत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. पुढे १९६० नंतर औद्योगिक वसाहत व मोटारींचे कारखाने आले, आणि मग चाकणच्या माळावरही तेच झाले. अहिल्यानगर जिल्ह्यातील व मराठवाड्यातील किती तरी ख्रिस्ती कुटुंबे तेथे जाऊन राहिली. त्यांच्यामागून विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड व ओरिसा येथील मजूर आले. नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे, निघोजे अशा गावांत शेतांच्या जागी खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि एकेका खोलीत चार-पाच माणसे पाळीपाळीने झोपू लागली.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. अंतर राखावे असे सर्वांस सांगण्यात आले. परंतु दहा फुटांच्या खोलीत पाच माणसांनी अंतर कसे राखावे? घरी बसून काम करावे असे म्हटले; परंतु पत्र्यास आकार देणाऱ्या यंत्रावरील मजूर ते यंत्र घरी कसे नेणार? कायम कामगारास पगार मिळत राहिला, तर कंत्राटी कामगारास पुष्कळ ठिकाणी ठेकेदाराचा फोन बंद असल्याचे आढळले. मजुरी कापू नये व घरमालकांनी एक महिना भाडे मागू नये अशी केंद्र सरकारची आज्ञा २९ मार्च रोजी निघाली होती. पण मेच्या मध्यास ती मागे घेण्यात आली, आणि ती लागू असतानाही ज्यास नेमणुकीचा कागदच नव्हता त्याने ती कोणास दाखवावी? ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ, जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर रेल्वेच्या रुळांवर थकून झोपले असता मालगाडीखाली सापडून मेले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

हे नवीनही नाही. १९१८ साली इन्फ्लुएंझाचा ताप आला, तेव्हा मुंबई शहरात युरोपियन लोकांत दर हजारी ८.३ माणसे मेली, आणि सरकारी दप्तरात ज्यांस खालच्या जातीचे हिंदू म्हटले आहे त्यांच्यात दर हजारी ६१.६ मेली. ताप एकच, शहर एकच. पण एका वस्तीत मरण सातपटींहून अधिक. आपल्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे ह्या दुसऱ्या वस्तीतले होते हे आपण विसरू नये. जंतू जात पाहत नाही असे म्हणतात, आणि ते खरे आहे. परंतु दाट वस्ती, अपुरे पाणी, अर्धपोटी शरीर आणि दूरचा दवाखाना ही जात पाहूनच वाट्यास आलेली असतात.

२०२० साली आपण आणखी एक गोष्ट पाहिली. रस्ते झाडणारे, रुग्णालयातील आया, शववाहिकेचे चालक, घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या आशा सेविका ह्यांच्यावाचून एक दिवसही चालत नाही, हे सर्वांस दिसले. २२ मार्च रोजी लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या व थाळ्या वाजविल्या. परंतु २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशांस संप करावा लागला, तेव्हा कोठे त्यांच्या मानधनात थोडी भर पडली. थाळी वाजविणे सोपे आहे. ती भरणे अवघड आहे.

३. मीही त्यांतलाच आहे (वचने ६–१०)

ओरड ऐकून नहेम्यास फार राग आला. परंतु रागाच्या भरात तो लगेच बोलला नाही. त्याने प्रथम आपल्या मनाशी विचार केला. मग त्याने सरदारांस व अधिकाऱ्यांस दोष दिला, मोठी सभा भरविली, आणि तोंडावर सांगितले की परराष्ट्रीयांस विकलेले आपले भाऊ आम्ही सोडवून आणितो, आणि तुम्ही त्यांस पुन्हा विकता! ते गप्प राहिले.

येथवर कोणीही सुधारक आला असता. पण दहाव्या वचनात नहेम्या काय करितो ते पाहा. तो कबूल करितो की मी, माझे भाऊ व माझे चाकर, आम्हीही ह्याच लोकांस पैसा व धान्य उसने देत आहो. तो आपले नाव दोषींच्या यादीतून वगळीत नाही. म्हणूनच त्याच्या शब्दाचे वजन पडले.

ह्या ठिकाणी आम्हांसही एक कबुली देणे भाग आहे. २०२० च्या एप्रिलात आमच्या मंडळीने तांदूळ, डाळ, तेल, मीठ व साबण यांची पुडकी बांधिली. कोणास द्यावी याची यादी आम्हीच मंडळीच्या नोंदवहीवरून केली. प्रार्थनामंदिराच्या मागल्या गल्लीत झारखंडाहून आलेले एक कुटुंब भाड्याने राहत होते. नवरा, बायको व दोन लेकरे. दीड वर्ष ती रविवारच्या संध्याकाळच्या उपासनेस येत, शेवटच्या ओळीत बसत आणि आशीर्वाद होताच निघून जात. त्यांची भाषा आम्हांस फारशी येत नव्हती, आणि त्यांची नावे नोंदवहीत लिहावी हे आम्हांस सुचले नव्हते. वाटप झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो गृहस्थ दाराशी आला व यादीत आमचे नाव आहे काय, एवढेच त्याने विचारिले. आम्ही वही पाहिली व म्हणालो, नाही. पुढच्या वाटपात पाहू. दुसऱ्या दिवशी आम्हांस लाज वाटून आम्ही धान्य घेऊन गेलो, तो खोलीस कुलूप. रात्रीच ती नाशिकच्या वाटेने पायी निघाली होती.

आम्ही त्यांस फोनही करू शकलो नाही, कारण त्याचा फोन खोलीच्या मालकाने थकलेल्या भाड्यापोटी ठेवून घेतला होता. आणि खोलीचा मालक म्हणजे आमच्याच मंडळीचे एक पंच होते. आम्ही त्यांस विचारिले तेव्हा ते म्हणाले, "पाळकसाहेब, फोन ठेविला नसता तर तो भाडे न देताच गेला असता." त्यांस उत्तर देण्यास आम्हांस तोंड नव्हते, कारण अन्न नाकारणारे आम्ही होतो. ती माणसे सुखरूप पोहोचली हे आम्हांस डिसेंबरात, तो गृहस्थ कामावर परत आला तेव्हा समजले.

निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत करावे असा नियम आहे, कारण रात्री पांघरावयास त्याजवळ दुसरे काही नसते. घरापासून हजार कोसांवर असलेल्या मजुराचे पांघरूण म्हणजे त्याचा फोन होय. घरची खबर, ठेकेदाराचा निरोप, मजुरी जमा झाल्याची सूचना, सर्व त्यातच येते. त्या जानेवारीत आम्ही हा पाठ घरसभेत वाचिला व आमची चूक प्रथम सांगितली. पंच त्या वेळी काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते त्या खोलीवर गेले, फोन परत दिला, थकलेले भाडे सोडिले, आणि फोनचे कार्ड बंद पडले होते म्हणून नवे घेऊन दिले. हे आम्हांस त्यांनी सांगितले नाही. त्या गृहस्थाने सांगितले.

४. एका साथीनंतरच्या दोन डागडुज्या

आता कोणी म्हणेल की कारखाने पुन्हा चालू लागले, मजूर परत आले, हेच पुरे नव्हे काय? त्याचे उत्तर आपल्याच प्रांताच्या इतिहासात आहे.

१८९६ साली मुंबईस प्लेग आला व त्याच वर्षी तो पुण्यासही पोहोचला. त्यानंतर मुंबईत १८९८ साली नगरसुधारणेसाठी एक ट्रस्ट स्थापन झाला. हेतू चांगला होता; दाट वस्तीत हवा खेळावी, रस्ते रुंद व्हावे. रस्ते रुंद झालेही. परंतु गरिबांच्या जितक्या खोल्या पाडिल्या तितक्या त्यांच्यासाठी वेळेवर बांधिल्या नाहीत. त्यामुळे निघालेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली व तेथे गर्दी अधिक झाली. नगर सुधारले, पण ज्याच्या नावाने सुधारले तो बाहेरच राहिला.

त्याच वर्षांत पंडिता रमाबाई मध्य प्रांतातील दुष्काळातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगच्या नियमांमुळे इतक्या जणींस पुण्यात ठेविता येईना, म्हणून त्यांनी दौंड तालुक्यातील केडगावच्या माळावर झोपड्या बांधिल्या; त्यातूनच मुक्तिसदन झाले. रमाबाईंनी ह्या मुलींस चार महिने अन्न देऊन, दुष्काळ सरला, आता आपल्या गावी जा, असे म्हटले नाही. कारण ज्या घडीत त्या अनाथ व विधवा म्हणून टाकल्या गेल्या होत्या ती घडी गावी तशीच होती. त्यांनी त्यांस अक्षरे शिकविली, विणकाम, शिवण, शेती व छापखान्याचे काम शिकविले. त्या मुली दुष्काळापूर्वी जेथे होत्या त्याहून वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

साथ तीच, वर्षेही तीच. डागडुजी मात्र दोन प्रकारची. एका प्रकारात मोडलेले पूर्वीसारखे होते, आणि पूर्वी जो तळाशी होता तो तळाशीच राहतो. दुसऱ्या प्रकारात डागडुजी करणारा थांबून विचारितो की तळाचा दगड इतका खाली का दबला होता. नहेम्याने काम चालू असता सभा भरविली ती ह्यासाठीच. भिंत पुरी होऊ द्या, मग पाहू, असे तो म्हणाला नाही. भिंत पुरी झाल्यावर सरदारांस गरिबांची गरज उरली नसती व त्यांनी ऐकिलेही नसते. कारखान्यांच्या पट्ट्यातही आम्ही हेच पाहिले. २०२० च्या पावसाळ्यानंतर माणसे कमी पडू लागली, तेव्हा ज्यास मे महिन्यात कोणी विचारिले नव्हते त्याच्या गावी ठेकेदारांचे निरोप जाऊ लागले. ती गरज असेपर्यंत मजुराच्या शब्दास थोडी किंमत होती. पुढे माणसे पुरेशी झाली आणि ती किंमतही उतरली. संधीचे दार नेहमी उघडे राहत नाही.

५. आजच परत करा (वचने ११–१३)

नहेम्याची आज्ञा आजच्या आज पाळावयाची होती. शेते, द्राक्षमळे, जैतुनाचे मळे व घरे परत करा, आणि पैसा, धान्य, द्राक्षारस व तेल यांवर घेत असलेला शंभरावा भागही परत करा. मुद्दलही सोडावयाचे होते की काय, ह्याविषयी टीकाकारांत मतभेद आहे; परंतु गहाण व व्याज यांविषयी शंका नाही. मग याजकांस बोलावून शपथ घेतली, आणि नहेम्याने आपल्या वस्त्राचा ओचा झटकून दाखविला. सर्व सभा आमेन म्हणाली व लोकांनी त्याप्रमाणे केले. ह्यावरून आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस काय करिता येईल ते पाहू.

पहिली गोष्ट, नाव. प्रत्येक मंडळीने सभासदांच्या वहीशिवाय परगावाहून आलेल्यांची वही ठेवावी. तीत नाव, मूळ गाव, घरच्या माणसाचा फोन व रेशनकार्ड आहे की नाही एवढे लिहावे. तसेच आपल्या गावचा तरुण भोसरीस वा चाकणास जावयास निघाला की उपदेशकाने तेथील पाळकास चिठ्ठी द्यावी. पौलाने रोमकरांस फिबेविषयी असेच लिहिले होते.

दुसरी गोष्ट, धान्य. आता एक देश एक रेशनकार्ड ह्या व्यवस्थेने, आधारशी जोडलेल्या कार्डावर हक्काचे धान्य कोणत्याही राज्यातील स्वस्त धान्य दुकानात घेता येते. घरची माणसे गावी काही भाग घेऊ शकतात व मजूर चाकणास उरलेला भाग घेऊ शकतो. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांस ३१ जुलैपूर्वी ही व्यवस्था सुरू करण्यास सांगितले. साथीतून निघालेली ही एक चांगली गोष्ट आहे. परंतु ज्यास ती ठाऊक नाही त्यास ती असून नसल्यासारखी. असंघटित कामगारांसाठी २६ ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणीही सुरू आहे. ज्यास वाचता येते त्याने शेजाऱ्याचे कार्ड तपासून द्यावे. ही सेवा उपदेशाहून हलकी नाही.

तिसरी गोष्ट, मजुरी. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. हा नियम १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होता, व २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही तो आहे. नेमणुकीचे पत्र देणेही ह्या संहितेने आवश्यक केले आहे. म्हणून कामास जाणाऱ्या प्रत्येकाने नेमणुकीचे पत्र, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक व राज्य विम्याचा क्रमांक मागून घ्यावा व त्यांची नक्कल घरी ठेवावी. आणि आपल्यांतील जे स्वतः ठेकेदार वा मुकादम आहेत, त्यांनी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय पगाराच्या दिवशी वाचावा. अडवून ठेविलेली मजुरी ओरडते, आणि तिची ओरड कोठवर पोहोचते ते तेथे सांगितले आहे.

चौथी गोष्ट, व्याज. यरुशलेमेतील सरदार शंभरावा भाग घेत होते. तो दरमहा असावा, म्हणजे शेकडा एक, असे पुष्कळ अभ्यासक समजतात. एवढ्यावर नहेम्यास राग आला. आपल्या खेड्यांत शेकडा तीन, शेकडा पाच असे दर ऐकू येतात. शेकडा पाचाने दहा हजार रुपये घेतले तर वर्षाचे व्याजच सहा हजार होते, आणि मुद्दल जागच्या जागी राहते. साथीत दवाखान्यासाठी घेतलेली अशी कर्जे काही घरांत अजून फिटली नाहीत. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे; परंतु ख्रिस्ती माणसाने कायद्याच्या भीतीने नव्हे, तर देवाच्या भयाने ते टाकावे. नवव्या वचनाचा रोख हाच आहे. मंडळीने सुगीच्या अर्पणातील काही भाग बिनव्याजी उसनवारीसाठी राखावा. रक्कम लहान असली तरी दवाखान्याच्या पहिल्या रात्रीस ती पुरते, आणि पहिल्या रात्रीच माणूस सावकाराच्या दारी जातो.

पाचवी गोष्ट, विधवा व मुले. साथीत ज्यांचे आईबाप दोघेही वारले त्यांच्या नावे राज्य सरकारने ५ लक्ष रुपये ठेव म्हणून ठेवण्याची व्यवस्था २०२१ मध्ये केली, आणि करोनाने मेलेल्याच्या वारसास ५० हजार रुपये देण्याचेही ठरले. परंतु पैशाहून अधिक काळ टिकणारी अडचण म्हणजे जमीन व घर. मेलेल्या भावाच्या बायकोचे नाव सातबाऱ्यावर लागले की नाही, हे उपदेशकाने घरभेटीत विचारावे. दीर ख्रिस्ती असला म्हणून विचारावयाचे सोडू नये. मुलांविषयी सांगावयाचे तर, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या त्या ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीसाठी ४ ऑक्टोबर २०२१ पासून सरसकट उघडल्या, आणि लहान वर्गांस त्याहूनही थांबावे लागले. ज्या घरी फोन एकच होता व तोही बापाबरोबर कामावर जाई, तेथील मुले तेवढी वर्षे मागे पडली. शब्बाथ शाळेत अर्धा तास आधी येऊन अशा मुलांस मोठ्याने वाचावयास शिकवावे.

एक शंका येथे येईल. ज्याने बँकेचे कर्ज काढून चार खोल्या बांधिल्या, त्याचे पोट भाड्यावर आहे. त्याने काय करावे? नहेम्याने कोणासही भिकारी व्हावयास सांगितले नाही. भाडे घेणे पाप नव्हे, उसने दिलेले मुद्दल मागणेही पाप नव्हे. भावाची अडचण हाच आपल्या नफ्याचा आधार करणे हे पाप होय. रोजगार बंद असता भाडे पुढे ढकलावे; सुरू झाल्यावर थोडे थोडे घ्यावे; अनामत परत देताना खोटी दुरुस्ती लावू नये; आणि कोणाचे कागद, हत्यार वा फोन अडवून ठेवू नये. एवढे करणाऱ्याचे घर बुडाल्याचे आम्ही पाहिले नाही.

शिक्षकांस सूचना

हा पाठ शिकविताना श्रीमंतांविषयी रागाने बोलणे सोपे जाईल, ते टाळावे. खेड्यातील मंडळीत सर्वच गरीब असतात असे आपण म्हणतो, पण गरिबांतही एकाची खोली असते व दुसरा भाडेकरू असतो, एकाजवळ बैल असतो व दुसरा तो भाड्याने आणितो. नहेम्याप्रमाणे प्रथम आपले उदाहरण सांगावे, मग इतरांचे. वर्गात कोणा कर्जदाराचे वा धनकोचे नाव घेऊ नये. पुढील प्रश्न विचारून उत्तरास वेळ द्यावा.

१. ओरड करणाऱ्यांचे तीन वर्ग कोणते? आपल्या गावात ते आज कोण आहेत?
२. नहेम्याने रागावल्यावर लगेच न बोलता मनाशी विचार का केला असावा?
३. दहाव्या वचनातील त्याच्या कबुलीने सभेवर काय परिणाम झाला असेल?
४. टाळेबंदीत आपल्या गावी कोण परत आले? त्यांस आपण वेशीबाहेर ठेविले की घरात घेतले? आज ते कोठे आहेत?
५. आपल्या घरात दुसऱ्याची एखादी वस्तू, कागद वा रक्कम अशी आहे काय, की जी आजच परत केली पाहिजे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वर्गात मागू नये. ते प्रत्येकाने घरी जाऊन द्यावे.

शेवटी एवढेच. आमच्या मंडळीच्या त्या दुसऱ्या वहीत आज पहिले नाव झारखंडाच्या त्या कुटुंबाचे आहे. ते तेथे दीड वर्ष उशिरा लिहिले गेले, ह्याचे दुःख आम्हांस राहील. पुढची साथ केव्हा येईल हे देवबापास ठाऊक. पण ती येईल तेव्हा यादी करण्यास बसल्यावर नावे शोधावी लागू नयेत, ती अगोदरच लिहिलेली असावीत. जो धनवान असता आपल्यासाठी दरिद्री झाला, तो प्रभू आम्हां सर्वांस आजचे काम आजच करण्याचे बळ देवो. आमेन.